शेजाऱ्यावर प्रेम करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

‘शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर’ हे वाक्य शहरातल्या फ्लॅटमध्ये बसून ऐकायला गोड वाटतं. खानदेशात चोपडा, पारोळा, साक्रीकडच्या एखाद्या शेतकऱ्याला ते ऐकवून बघा. तो आधी विचारेल, कोणता शेजारी? दरवर्षी नांगरताना बांध कोरत कोरत आपल्याकडे सरकलेला? सामाईक विहिरीच्या पाळीवरून ज्याच्या घराशी दोन पिढ्यांचं बोलणं बंद आहे तो? की ऐन मिरगाच्या तोंडावर गाडीवाटेत बाभळीच्या काट्या आणून टाकणारा?

त्यात आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. बांधाला बांध लागून ज्याचं शेत असतं तो पुष्कळदा चुलतभाऊच असतो. आजोबांची एक सलग पट्टी, तिचे चार वाटे, मग त्या चाराचे दहा. म्हणजे शेजारी तोच भाऊबंद, आणि भाऊबंदकी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. कानबाईच्या सणाच्या रोटांना एका पंगतीत बसणारे आणि चार दिवसांनी तहसीलच्या आवारात एकमेकांकडे पाठ करून उभे राहणारे हेच लोक.

मग अशा माणसावर प्रेम करा म्हणजे काय करा? गळ्यात पडा? त्यानं कोरलेला बांध सोडून द्या? माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या प्रेमात मनातल्या मायेचा भाग फार थोडा आहे. ते हातापायांनी, वेळेनं आणि पैशानं करायचं काम आहे. समोरचा आवडत नसला तरी करता येतं, आणि खरं तर तो आवडत नसतो तेव्हाच त्याची गरज पडते.

वाक्याच्या आजूबाजूला काय आहे

हे वाक्य येशूच्या तोंडून जगभर गेलं, पण ते त्याच्याही आधीचं आहे. ज्यूंच्या धर्मग्रंथात, म्हणजे बायबलच्या जुन्या करारात, ‘लेवीय’ नावाचं पुस्तक आहे. त्याच्या 19व्या अध्यायातलं हे 18वं वचन. लोक नेमकं एवढंच उचलतात, आजूबाजूचं वाचत नाहीत. तिथे काय लिहिलंय ते बघा. शेत कापताना कडेकोपऱ्यापर्यंत ओरबाडून कापू नका, खाली पडलेली कणसं वेचायला परत फिरू नका, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवून घेऊ नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. न्याय करताना गरीब म्हणून झुकतं माप देऊ नका आणि मोठा माणूस म्हणून दबू नका. चहाड्या करत फिरू नका. मनात डूख धरू नका, जे असेल ते तोंडावर बोला. आणि मग ते वाक्य येतं: सूड घेऊ नको, शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर.

ही सगळी यादी शेताची, मजुरीची आणि गावगाड्याची आहे. कुणाला मिठी मारा, कुणाविषयी मन भरून येऊ द्या, असं तिच्यात काहीच नाही. आपल्याकडे सरवा वेचणं ही गोष्ट आजही लोकांना माहीत आहे. भुईमूग उपटून झाल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा किंवा ज्वारी कापल्यावर पडलेली कणसं वेचायला बाया-पोरं येतात. काही शेतकरी त्यांना येऊ देतात, काही वखर फिरवून घेतात, म्हणजे प्रश्नच मिटला. जुन्या कराराच्या हिशेबानं शेजारप्रेमाची परीक्षा तिथे होते. कापूस वेचणीचे पैसे आठवडी बाजाराच्या दिवशी हातात पडले, का ‘पुढच्या बाजारी बघू’ असं ऐकायला मिळालं, ही दुसरी परीक्षा.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यानं 18व्या शतकात हेच वेगळ्या अंगानं मांडलं. भावना हुकमानं उत्पन्न होत नाही, त्यामुळे ‘प्रेम वाटू दे’ अशी आज्ञा देण्यात अर्थ नाही. आज्ञा देता येते ती वागण्याची. कांट वाचायला अवघड आहे, पण हा मुद्दा माझ्या मते आपल्याकडच्या कुठल्याही आजीला पटला असता.

एक गल्लत मात्र नेहमी होते. उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया एकमेकींच्या घरी नागलीचे पापड लाटायला, ज्वारीचे बिबडे घालायला जातात. भरीत केलं की शेजारी वाटी जाते आणि ती वाटी रिकामी परत येत नाही. हे फार चांगलं आहे, गावं त्यावरच उभी आहेत. पण ही देवाणघेवाण आहे. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. जो परतफेड करू शकत नाही किंवा करणार नाही हे पक्कं ठाऊक आहे, त्याच्याशी कसं वागायचं हा प्रश्न वाटी सोडवत नाही. येशूनं विचारलं होतं की जे तुमच्यावर प्रेम करतात त्यांच्यावरच तुम्ही प्रेम केलंत तर त्यात विशेष ते काय?

‘स्वतःसारखं’ म्हणजे किती?

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी सोबतच्या कैद्यांना गीतेचा एकेक अध्याय समजावून सांगत. 21 फेब्रुवारीला सुरुवात झाली आणि 19 जूनला अठरावा अध्याय झाला. ऐकणाऱ्यांमध्ये साने गुरुजी होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक राहिलेले गुरुजी भराभर लिहून घेत, म्हणून ती प्रवचनं आज आपल्याला वाचायला मिळतात. गीतेच्या सहाव्या अध्यायात एक श्लोक आहे, ‘आत्मौपम्येन सर्वत्र’ असा सुरू होणारा. त्याचा सरळ अर्थ असा की जो दुसऱ्याचं सुखदुःख आपल्या सुखदुःखावरून जोखतो तो श्रेष्ठ योगी. ‘स्वतःसारखं’ या शब्दाला आपल्या परंपरेतलं याहून जवळचं दुसरं काही मला दिसत नाही.

यात मापाचं काम स्वतःकडे आहे. आपण स्वतःवर प्रेम करतो म्हणजे काय करतो? दिवसभर स्वतःचं कौतुक करत बसतो असं नाही. कितीदा तर स्वतःचा रागच येतो. तरी भूक लागली की जेवतो, ठेच लागली की हळद लावतो, चुकलो तरी स्वतःला आणखी एक संधी देतो. मनाची स्थिती काहीही असो, स्वतःची काळजी घेणं बंद होत नाही. तेवढीच दखल शेजाऱ्याची घ्यायची.

गंमत म्हणजे त्याच 1932 सालच्या मे महिन्यात लंडनमध्ये हाच प्रश्न एका कोर्टाच्या निकालात आला. चार वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात एका बाईनं जिंजर बिअर प्यायली होती. अपारदर्शक बाटलीतून शेवटी कुजलेली गोगलगाय बाहेर आली आणि आपण आजारी पडलो, असं तिचं म्हणणं. बाटली विकत घेतली होती मैत्रिणीनं, त्यामुळे दुकानदाराशी हिचा करार नाही आणि कारखानदाराशी तर नाहीच नाही. मग दाद कुणाकडे मागायची? हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टात, न्यायाधीश लॉर्ड ॲटकिन यांनी लिहिलं की शेजाऱ्यावर प्रेम कर हा नियम कायद्यात येतो तेव्हा तो ‘शेजाऱ्याला इजा करू नको’ असा होतो. आणि कायद्याच्या दृष्टीनं शेजारी कोण? माझ्या कृतीचा ज्याला इतका थेट फटका बसू शकतो की ती करताना मी त्याचा विचार करायलाच हवा, तो. निष्काळजीपणाच्या भरपाईचा कायदा पुढे याच वाक्यावर वाढला आणि आपल्याकडची कोर्टंही ते तत्त्व मानतात.

आता हे बाटलीतून काढून शेतात आणू. तुमच्या शेतात मका आहे, शेजाऱ्याचा कापूस आहे. मक्यातलं रुंद पानाचं तण मारायला तुम्ही टू-फोर-डी फवारता. मका गवताच्या जातीचा, त्याला ते सोसतं. कापूस रुंद पानाचा, आणि या औषधाला तो इतका नाजूक की वाऱ्यानं आलेला नुसता तुषारही पुरतो. उन्हात काही प्रकारच्या टू-फोर-डीची वाफ होऊन तीही सरकते. काही दिवसांत बांधालगतच्या कपाशीचे शेंडे वाकडे होतात, नवी पानं अरुंद, लांबट, शिरा ताणलेली, भेंडीच्या पानासारखी निघतात. पाते, म्हणजे कळ्या, गळतात. तुम्ही त्याचं काही वाईट चिंतलं नव्हतं. तुम्ही त्याचा विचारच केला नव्हता, आणि ॲटकिनच्या हिशेबानं चूक तीच.

इथे प्रेम करणं म्हणजे वारा पडलेला असताना, सकाळच्या थंड वेळी फवारणं. नोझलला हूड लावणं. बांधाकडच्या ओळी सोडून देऊन तिथे निंदणी करणं. तोच पंप पुढे कपाशीवर चालणार असेल, मग ती कुणाचीही असो, तर तो नीट धुणं. आणि आदल्या संध्याकाळी पारावर सांगून ठेवणं, ‘आबा, सकाय मक्कावर औषध मारसू.’ आबा फार तर म्हणतील, ‘वारा देखीसन मार रे भो.’ एवढ्यावर ते काम होतं. मन भरून येण्याची वाट बघायला लागत नाही.

फड: न आवडणाऱ्या लोकांनी मिळून केलेली सोय

हे सगळं एकेकट्याच्या चांगुलपणावर सोडलं तर टिकत नाही, हे खानदेशातल्या जुन्या लोकांनी फार आधी ओळखलं होतं. पांझरा, मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर तीनचारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली. काही ठिकाणी ती अजून तग धरून आहे. मला विचाराल तर शेजारप्रेम समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

नदीवर दगडी बंधारा. त्यातून निघालेला पाट. पाटाखालच्या जमिनीचे तीनचार मोठे तुकडे पाडलेले, त्यांना फड म्हणायचं. एका फडात त्या वर्षी एकच पीक: एकात ऊस, एकात गहू, एकात आणखी काही, आणि दर वर्षी पिकाचा फेरा बदलायचा. बहुतेक शेतकऱ्यांचा थोडा थोडा तुकडा प्रत्येक फडात असायचा. याचा परिणाम बघा. सगळ्या फडाला एकच पीक म्हटल्यावर सगळ्यांना पाणी एकाच मापानं लागणार. मधेच कुणी आपल्या तुकड्यात उसाची हाव धरून जास्त पाणी ओढू शकत नाही. पाऊस कमी झाला की एखादा फड त्या वर्षी कोरडा ठेवायचा, आणि प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे तोटा सगळ्यांना थोडा थोडा बसायचा. एकट्याच्या उरावर पडत नव्हता.

पाणी कुणी सोडायचं हे शेतकरी स्वतः ठरवत नसत. त्यासाठी पाटकरी नेमलेला असे. पिकाची राखण करायला जागल्या, सगळ्यांवर लक्ष ठेवायला हवालदार. त्यांचा मोबदला पुष्कळदा धान्यात मिळायचा आणि तो सगळे मिळून द्यायचे. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला प्रत्येक घरातून माणूस यायचा. पाटाच्या तोंडाशी ज्याचं शेत होतं त्यालाही शेपटाकडच्या पाटाची साफसफाई करावी लागायची. त्याला स्वतःला त्याचा काडीचा फायदा नसला तरी.

या लोकांचं एकमेकांवर प्रेम होतं का? मला वाटत नाही. भांडणं तेव्हाही होती, रात्री चोरून पाणी फोडणारे असणारच, नाहीतर जागल्या कशाला लागला असता! पण शेपटाकडच्या शेताला पाणी पोचायचं. ते तोंडाकडच्या माणसाच्या मर्जीवर ठेवलेलं नव्हतं. प्रत्येकाला स्वतःच्या हावरेपणाची कल्पना होती, आणि तो आवरायची सोय त्यांनी आधीच करून ठेवली होती. पुढे वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी आणि बोअर आले, ज्याचं त्याचं पाणी ज्याच्या त्याच्या मोटारीत गेलं. आपल्यामुळे पलीकडच्याचं पाणी तुटेल का, हा प्रश्न फडातल्या माणसाला टाळता येत नव्हता. आज बोअर घेताना, परवानगी असो नसो, तो टाळता येतो, कारण पाणी जमिनीखाली आहे आणि दिसत नाही.

आणि शेजारी कोण, हा खरा वादाचा मुद्दा

येशूला एका शास्त्र्यानं हाच प्रश्न टाकला होता. येशूनं गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर चोरांनी एकाला लुटून अर्धमेला टाकलं. धर्माचा याजक आला, बघून पलीकडून निघून गेला. लेवी, म्हणजे मंदिरातला सेवेकरी, आला, तोही गेला. मग शोमरोन प्रांतातला एक माणूस, एक शोमरोनी, आला. ज्यू आणि शोमरोनी यांचं हाडवैर होतं, एकमेकांच्या हातचं पाणी नको असं. त्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेलं, दोन दिनार दिले आणि वर लागलं तर परत येताना देईन म्हणाला. शास्त्र्यानं विचारलं होतं ‘माझा शेजारी कोण?’ येशूनं उलट विचारलं, ‘या तिघांपैकी त्याचा शेजारी कोण झाला?’ म्हणजे यादी बनवत बसू नकोस, तू शेजारी हो.

अमेरिकेत प्रिन्स्टनला डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी धर्मगुरू होऊ घातलेल्या 40 विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. 1973 मध्ये तो छापून आला. काहींना याच गोष्टीवर भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं आणि वाटेत एक माणूस कण्हत, खोकत पडलेला ठेवला. ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं त्यांच्यातले 63 टक्के थांबले. ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलेल्यांतले फक्त 10 टक्के. भाषणाचा विषय कोणता, यानं फारसा फरक पडला नाही. याच गोष्टीवर बोलायला निघालेले काही जण तर त्या माणसाला ओलांडून गेले. म्हणजे शेजारी व्हायचं असेल तर आधी हातात थोडा वेळ शिल्लक ठेवायला हवा. धुळ्याजवळ फागण्याच्या पुढे सुरत-नागपूर हायवेवर आडवी झालेली मोटारसायकल दिसते, मागचा हॉर्न वाजवतो, लग्नाची घटिका जवळ असते. ‘पोलिसांची भानगड नको’ ही सबब मात्र आता चालत नाही. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 134ए हे कलम आलं: सद्भावनेनं जखमीला मदत करणाऱ्यावर दावा किंवा खटला नाही, आणि नावगाव सांगायची सक्तीही नाही. कायद्यात अशा माणसाचं ‘गुड समॅरिटन’ हे इंग्रजी नाव त्या शोमरोन्यावरूनच आलं आहे.

कुराणात निसा या सूरहमध्ये (4:36) ज्यांच्याशी चांगलं वागायचं त्यांत जवळचा शेजारी आणि परका शेजारी असे दोघंही वेगवेगळे सांगितले आहेत. हदीसमध्ये पैगंबर म्हणतात की देवदूत जिब्रील शेजाऱ्याविषयी इतकं बजावत राहिले की मला वाटलं, आता त्याला वारसच ठरवतात. (आमच्याकडे शेजारी आधीच वारस असतो, तीच तर भानगड आहे.)

परक्या शेजाऱ्याचं मात्र आपल्या गावांनी काय केलं? कुणी कुणाच्या शेजारी राहायचं हे जातीनं ठरवून ठेवलं. वस्ती गावकुसाबाहेर. एकदा माणूस शेजारीच राहिला नाही की त्याच्यावर प्रेम करण्याचा प्रश्नच उरत नाही, मग वाटीही जात नाही आणि वाटी नेली नाही याचं वाईटही वाटत नाही. डॉ. आंबेडकर 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतल्या भाषणात म्हणाले होते की बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य रंगाच्या लेपापेक्षा खोल जाणार नाहीत. त्याआधी अडीच वर्षं, 1947 च्या मे महिन्यात, पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी दहा दिवस उपाशी बसले होते. गुरुजींना आपण हळवे म्हणून बाजूला काढतो. हळव्या माणसाचं हे काम नव्हे.

आज हिवाळ्यात सातपुड्यातून कापूस वेचायला पावरा-भिल्ल कुटुंबं उतरतात आणि शेताच्या कडेला ताडपत्रीखाली राहतात. दोन महिने ती तुमची शेजारी असतात. त्यांना प्यायला पाणी कुठलं, बाया आंघोळीला कुठे जातात, पोरं दिवसभर काय करतात, हे त्याच बांधावर रोज चक्कर मारणाऱ्याला सांगता येईल का?

मग नुकसान सोसत बसायचं का?

मनोविश्लेषक फ्रॉइडनं हीच हरकत घेतली होती. जो मला त्रास देतो त्याच्यावर मी प्रेम का करावं, असा त्याचा रोकडा सवाल. उत्तर त्या जुन्या यादीतच आहे: मनात डूख धरू नको, तोंडावर बोल. बांध कोरला असेल तर मोजणी आणा. भूमी अभिलेखच्या माणसानं खुणा रोवल्या की निदान वाद जमिनीचा राहतो, रक्ताचा होत नाही. वाट अडवली असेल तर तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. पिढ्यान् पिढ्या एकाच्या नावाची जमीन दुसऱ्याच्या वहिवाटीत आणि त्याची याच्या, असा घोळ असेल तर त्यासाठी राज्य सरकारनं 2023 मध्ये सलोखा योजना आणली. किमान 12 वर्षांचा ताबा असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला नाममात्र 1000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1000 रुपये नोंदणी फी त्यात ठेवली होती. यात प्रेमाविरुद्ध काही नाही. प्रेमाविरुद्ध आहे ते रात्री त्याचं ठिबक कापणं, त्याच्या केळीच्या घडांवर कोयता चालवणं, पोराच्या सोयरिकीत काडी घालणं.

आणि काही वेळा शेजारधर्म म्हणजे शेजाऱ्याच्या मर्जीविरुद्ध जाणं. भिंतीपलीकडून रात्री मारहाणीचा आवाज येतो आणि गल्ली ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून टीव्हीचा आवाज वाढवते. त्या घरात शेजारी एक नाही, दोन आहेत, आणि त्यातला एक मार खातोय. उठा, दार वाजवा, काहीही मागा. ‘वहिनी, विरजण आहे का?’ एवढ्यानंही उगारलेला हात पुष्कळदा खाली येतो. नाही आला तर 112, किंवा महिलांसाठीचा 181. दुसऱ्या दिवशी तिला एकटीला गाठून विचारा, माहेरी कुणाला फोन करायचा का. तो नवरा पुढचं वर्षभर तुमच्याशी बोलणार नाही, हे धरून चाला.